स्पोर्ट्स कारला आफ्टरमार्केट पार्ट लावताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटरवाली. हजार किलोच्या आत वजन, मागच्या चाकांना ताकद, सगळं साधं सरळ. बरीच वर्षं तिच्यावर मी स्वतःच काम करतोय, आणि ओळखीतल्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. कंपनीचं मॅन्युअल हे कंपनीने बसवलेल्या पार्टसाठी असतं. तुम्ही आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीबाहेरचा, पार्ट लावलात की त्या पार्टपुरतं मॅन्युअल बाद झालं, तो किती घट्ट करायचा, किती दिवसांनी बघायचा, कशाने साफ करायचा, हे आता तुम्हालाच माहीत असायला लागतं. म्हणून पार्ट घ्यायच्या आधी एक वही घ्या. मस्करी नाही करत, खरंच घ्या.

गाडी नुकतीच घेतली, पहिलं मॉड, म्हणजे बदल, कोणतं करू?

कोणतंच नको. आधी गाडी शून्यावर आणा. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, डिफरन्शियल ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, हे आधीच्या मालकाने कधी बदललं ते तो सांगेल त्यावर सोडू नका, सगळं एकदा बदला आणि वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. रबराचे पाइप हाताने दाबून बघा, टोकाजवळ फुगलेले किंवा कडक होऊन चिरलेले असतील तर लगेच काढा. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला याचा कागद मागा, कागद नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. माझ्या इंजिनात बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडत नाहीत, गाडी नुसती बंद पडते, पण बऱ्याच इंजिनांत भिडतात आणि मग हेड उघडण्याशिवाय इलाज नसतो. तुमचं इंजिन त्यातलं कुठलं हे आजच शोधून ठेवा.

हे सगळं करून महिना दोन महिने गाडी तशीच चालवा. स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशी, गाडी कशी वागते हे अंगात भिनल्याशिवाय पार्ट लावल्यावर फरक चांगला पडला की वाईट हे कळणारच नाही.

बरं, महिना झाला. आता पॉवर वाढवू ना?

टायर. मग ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड. त्यानंतर पॉवरचं बघू.

गाडी रस्त्याला चिकटते ती चार तळहातांएवढ्या रबरावर, आणि तुम्ही बदललेली बाकी प्रत्येक गोष्ट त्याच रबरातून जमिनीपर्यंत पोचते. टोयोटाने २०१२ मध्ये ८६ आणली तेव्हा तिला २१५ रुंदीचे, फार ग्रिप नसलेले टायर मुद्दाम दिले होते, मागची बाजू कमी वेगातही सहज सरकावी म्हणून. त्याच गाडीला चांगले चिकट टायर लावले की ती वेगळीच वागते, आणि बाकी एक स्क्रूही फिरवलेला नसतो.

टायरच्या कडेला डॉटचा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून जुना टायर चांगला असं होत नाही, रबर आतून कडक होतं आणि ते पावसात कळतं.

अलॉय घेताना काय बघायचं? दुकानदार म्हणतो ‘बसेल’.

‘बसेल’ आणि ‘बरोबर बसेल’ यात फार अंतर आहे. बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, हा सगळेच बघतात. माझ्या गाडीला चार बाय शंभर लागतो. त्यानंतर ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते, तो चुकला तर चाक फेंडरला तरी घासतं नाहीतर आत सस्पेन्शनच्या आर्मला, आणि स्टिअरिंगचं वागणंही बदलतं.

पण लोक विसरतात ते दोनच बघा. एक म्हणजे मधलं भोक. आफ्टरमार्केट अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे तेच चाक अनेक गाड्यांना जातं. माझा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ५४.१ मिलिमीटरचा आहे, चाकाचं भोक त्याहून मोठं होतं, आणि मधली रिकामी जागा भरायला जी हब रिंग लागते ती मला दिलीच नव्हती. साधारण नव्वदला स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं, तिन्ही वेळा मशीनवर सगळं बरोबर, कारण मशीनवर चाक मधोमध बसत होतं आणि गाडीवर केसभर बाजूला. चार रिंगा घातल्या आणि थरथर गेली. दुसरं म्हणजे नटाची बैठक. काही नट शंकूसारखे निमुळते असतात, काहींची बैठक गोल असते, काही सपाट वॉशरचे. गोल बैठकीच्या भोकात निमुळता नट घातला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो पण नुसता एका बारीक कडेवर टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. यात चाक निखळतं, त्यामुळे इथे अंदाजाने काही करू नका.

वजनही बघा. चाक मोठं आणि जड घेतलं तर स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं, गाडी खड्ड्यावर उडते, पिकअपही मंदावतो. दिसायला भारी आणि चालवायला जड अशी गाडी मला तरी नको. रिमवर जेडब्ल्यूएलची खूण असेल तर ती जपानच्या अलॉयच्या मानकाची, शेजारी व्हीआयए असेल तर चाक बाहेरच्या संस्थेकडून तपासून नोंदवलेलं आहे. खुणा नकलीही मारतात, म्हणून खूण आणि विकणारा दोन्ही तपासा.

व्हील नट किती घट्ट करायचे?

टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीच्या आकड्याला, चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक नट झाला की समोरचा. पाइप लावून पायाने दाबायचं नाही. आट्यांना ग्रीस लावू नका, ग्रीस लावलेल्या आट्यावर तोच आकडा दाखवताना स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. नवीन अलॉय लावले की ८० ते १०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना परत तपासा.

ब्रेकसाठी मोठी किट (मोठ्या डिस्क आणि कॅलिपर) घेऊ का?

बहुतेकांना लागत नाही. ब्रेक दमतात ते दोन प्रकारे, एकतर पॅड तापून त्याची पकड जाते, पॅडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, नाहीतर फ्लुइड उकळून त्यात वाफ होते आणि पॅडल स्पंजसारखं खाली जातं. दोन्हीचा इलाज वेगळा म्हणून आधी पायाला नक्की काय जाणवलं ते आठवा.

फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी शोषल्यावर मोजतात तेव्हा किमान १५५. एवढी घसरण कुठलाही पार्ट न बदलता, नुसतं फ्लुइड जुनं झाल्याने होते! दोन वर्षांनी बदलाच, ट्रॅकवर जात असाल तर हंगामाला एकदा. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव सारखं वाटलं तरी ते यात मिसळायचं नाही.

नवीन पॅड घातले की बेडिंग करा. मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर साधारण शंभरवरून वीसपर्यंत जोरात ब्रेक, गाडी पूर्ण न थांबवता परत वेग, असं आठ दहा वेळा, आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता थंड होऊ द्यायचं. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. यातून डिस्कवर पॅडच्या मालाचा पातळ सारखा थर बसतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात तर एकाच जागी जाड ठिपका बसतो, मग पॅडल थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते.

ट्रॅकचे पॅड रोजच्या वापराला घालू नका, थंडीत पहिले दोन ब्रेक लागतच नाहीत. मोठी किट फक्त पुढे लावली तर पुढच्या मागच्या ब्रेकची वाटणी बिघडते आणि थांबायचं अंतर कधी कधी वाढतंसुद्धा.

गाडी खाली घ्यायची आहे, नुसत्या स्प्रिंग बदलल्या तर?

होईल खाली, पण चालेल वाईट. स्प्रिंग आखूड झाली की शॉकअबला हलायला जागा उरत नाही, दर खड्ड्याला गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटते. शिवाय कडक स्प्रिंगला सावरायला शॉकअबही तसाच लागतो, स्टॉक शॉकअबने ती उसळत राहते आणि तो बिचारा लवकर संपतो. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअब एकमेकांसाठी बनवलेले, जोडीने घ्या, किंवा चांगले कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअबचे एकत्र सेट, घ्या. स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा चांगल्या अवस्थेतला स्टॉक सेट दहापट बरा, हे मी मनापासून सांगतोय.

आता एक गोष्ट जी मी पैसे घालवून शिकलो. कॉइलओव्हर बसवायला मी गाडी एका गॅरेजला दिली होती. काम स्वच्छ, गाडी खाली आली, मी खूश. काही महिन्यांतच वळणावर मागून ‘टक’ असा आवाज. उघडून बघितलं तर खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) आतल्या नळीपासून फाटलेले, रबर गोल गोल चिरलेलं. झालं असं की आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना घट्ट केले होते. रबराचा बुश आतल्या नळीलाही चिकटलेला असतो आणि बाहेरच्याही, बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी अडकते, आणि आर्म हलतो तेव्हा फिरत काहीच नाही, रबरच पिळलं जातं. चाकं लटकत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आली की रबर आधीच पिळलेलं, त्यावर दर खड्ड्याला आणखी पीळ. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा जॅकने आर्म तेवढा वर घ्यायचा, आणि त्या उंचीला आवळायचं. उंची बदललीत तर सैल करून परत आवळायचं. पाना फिरवायचे दोन मिनिटं, पण मी तेव्हा सगळे बुश नवीन घातले.

उंची बदलली की अलाइनमेंट करायचंच. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव, किती ठेवू असं सगळे विचारतात, रस्त्यासाठी पुढे उणे एक ते दीड अंशाच्या आसपास पुष्कळ झालं. पण टायर खातो तो मुख्यतः चुकलेला टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. आणि अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवायला सांगा, हलक्या गाडीत आकडे बदलतात, मशीनवर डोळ्यासमोर बदलताना बघितलेत मी.

पॉलियुरेथेन बुश घालू का?

ट्रॅकला जास्त जात असाल तर घाला. स्टिअरिंग नेमकं होतं पण आवाज आणि हादरे केबिनमध्ये येतात. हे बुश पिळत नाहीत, नळीवर फिरतात, म्हणून त्यांना वंगण लागतं, आणि ते किटबरोबर येतं तेच सिलिकॉनचं ग्रीस. कोरडे पडले की दरवाजासारखे करकरतात. रबरी बुशला हे असलं काही लागत नाही, म्हणजे बघा, पार्ट बदलला आणि तुमच्या वहीत एक ओळ वाढली.

कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) लावल्याने पॉवर वाढते का?

आवाज वाढतो. बोनेटखाली उघडा फिल्टर लावला तर तो इंजिनची गरम हवा ओढतो आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी, म्हणजे कधी कधी उलटंच होतं. बाहेरची थंड हवा आणणारा, डब्यात बंद असलेला सेट असेल तर थोडा फायदा. तेलाचा कापडी फिल्टर धुऊन परत तेल लावताना हात आखडता घ्या, जास्त झालेलं तेल एअरफ्लो सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं आणि त्याचं मोजमाप चुकतं. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, बघायची सवय ठेवा, नवीन फिल्टरनंतर ट्रिम दहा टक्क्यांच्या पुढे गेली तर कुठेतरी हवा तरी गळतेय नाहीतर सेन्सर तरी चुकतोय.

एक्झॉस्टला थोडं बॅक प्रेशर लागतं म्हणतात, खरं का?

नाही. इंजिनला अडथळा कधीच नको असतो. वायूचा वेग मात्र हवा असतो, कारण एका सिलिंडरचा धूर वेगाने गेला की मागे तयार होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरचा धूर खेचायला मदत करतो. पाइप फार जाड घेतला की वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो, त्यावरून लोकांनी बॅक प्रेशरचा समज करून घेतला. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) मागचा भाग बदला, तिथे आवाज आणि वजनाचा खरा फरक मिळतो. कॅट काढू नका. बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि मागे चालणाऱ्या माणसाने तुमचा धूर का खायचा?

रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर, खरंच एवढा फरक पडतो?

टर्बो असेल तर हो, बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवता येतो. टर्बो नसेल तर थोडाच, पण थ्रॉटलचं वागणं आणि मधल्या आरपीएमचे खड्डे सुधारतात.

रीमॅप करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. फुल लोडला मिश्रण किती ठेवणार (पेट्रोलचं पूर्ण ज्वलन १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणात होतं पण फुल लोडला त्याहून जास्त पेट्रोल लागतं), नॉकिंग (मिश्रण वेळेआधी भडकणं) कसं तपासणार, आणि कुठल्या ऑक्टेनवर ट्यून करणार. ९८ ऑक्टेनवर ट्यून केलेल्या गाडीत ९१ भरून तुम्ही घाटात पाय दाबलात तर आत काय होतं ते कानाला कळेपर्यंत पिस्टनची कड गेलेली असू शकते. फाइल ईमेलने पाठवतो, गाडी बघायची गरज नाही, असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा.

टॉर्क वाढला की क्लच पुढचा. चौथ्या पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण पाय दाबा, आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच स्लिप होतोय. कूलिंगचाही विचार करा, जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि रेडिएटर तोच.

ऑइल किती किलोमीटरला बदलू?

मॅन्युअलमधला आकडा स्टॉक इंजिन आणि साध्या चालवण्यासाठी आहे. गाडी मॉड केली असेल, ट्रॅकवर जात असेल, किंवा उलट नुसतीच दोन दोन किलोमीटर फिरत असेल, तर निम्म्यावर या. छोट्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही, आत साठलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. ट्रॅकवर लेव्हल वरच्या खुणेला ठेवा, लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाची नळी उघडी पडू शकते, पण खुणेच्या वर भरू नका, क्रँक ते घुसळून फेस करतो. टर्बो असेल तर जोरात चालवून लगेच इंजिन बंद नको, शेवटची काही मिनिटं शांत चालवा.

ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून कागद उघडून बघा. पहिल्यांदा बघाल तेव्हा कळणार नाही, पण दरवेळी बघत गेलात की चमचमणारे कण नेहमीपेक्षा जास्त असले तर लगेच दिसतं.

बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस रोजच्या गाडीला चालेल?

नको. हार्नेस तुम्हाला सरळ बांधून ठेवतो, गाडी उलटली आणि छत दबलं तर बाजूला झुकायलाही येत नाही, म्हणून हार्नेस असेल तर रोल बार, म्हणजे छत दबू न देणारी लोखंडी चौकट, हवाच. चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये पायांमधला पट्टा नसतो, धडकेत कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि माणूस खाली घसरतो. आणि रोल बार असेल तर रोज हेल्मेटशिवाय चालवताना तोच बार डोक्याला लागू शकतो. रस्त्यावर तीन पॉइंटचा कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग हेच तुमचे मित्र. सीट बदलताना तिच्यात साइड एअरबॅग आहे का तेही बघा.

मॉड केल्यापासून बारीक आवाज येतोय, कुठून सुरुवात करू?

तुम्ही शेवटचा जो पार्ट हात लावून आलात तिथून. मी प्रत्येक बोल्ट टॉर्क केल्यावर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारतो, नटावरून खालच्या ब्रॅकेटवर जाणारी. गाडीखाली टॉर्च घेऊन गेलं की एका नजरेत कळतं, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ती त्याची ताकद. सस्पेन्शनमधला १०.९ चा बोल्ट हरवला म्हणून डब्यातला कुठलाही घालायचा नाही.

इन्शुरन्सला सांगायला लागतं का?

हो, लेखी सांगा, पार्ट लावायच्या आधी. नियम जागोजागी वेगळे आहेत, तुमच्याकडचे वाचा. लपवलेलं मॉड नेमकं क्लेमच्या वेळी सापडतं.

काढलेले स्टॉक पार्ट विकून टाकू?

नका विकू. गाडी विकताना तेच सेट तुमची किंमत राखतात, आणि एखादं मॉड नाही आवडलं तर परत फिरायला रस्ता राहतो. बोल्ट त्या त्या पार्टबरोबर पिशवीत बांधा, पिशवीवर कुठले ते लिहा, रबरी गोष्टी उन्हापासून लांब ठेवा.

मग त्या वहीत नक्की काय लिहू?

प्रत्येक पार्टला एक पान. काय लावलं, तारीख, किलोमीटर, कुठला बोल्ट किती टॉर्कला, परत कधी बघायचं, आणि चालवताना काय जाणवलं तेही, कारण सहा महिन्यांनी आठवत नाही. माझ्या वहीतलं एक पान देतो, जसंच्या तसं: ‘मागचे कॉइलओव्हर, उंची १० मिमी वर घेतली. खालच्या आर्मचे बोल्ट सैल करून चाकांवर उभी असताना परत आवळले, रेघा नव्या मारल्या. अलाइनमेंट बाकी. उजवीकडची रेघ १०० किमीनंतर बघणे. टक आवाज नाही.’